गोंगाटापासून दूर : उपग्रह ऐकण्याचा छंद आणि त्यापायी झालेली भटकंती

तरंगलांबी (धागाकर्ता)

माझ्या ट्रेकच्या फोटोंत सॅकला बांधलेल्या त्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या कसल्या, असं मागे कुणीतरी विचारलं होतं. तंबूचे खांब नाहीत, मासेमारीही नाही. ती अँटेना आहे. उत्तर एका ओळीत मावेना म्हणून हा धागा काढतोय.

मी कॉमर्सवाला. पोटापाण्यासाठी हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चाचणी करतो. इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध म्हणजे घरातला फ्यूज बदलणे, एवढाच होता. मग हातात एक यूएसबी काडी, म्हणजे डोंगल, आली. मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघता यावा म्हणून विकली जाणारी ही वस्तू. तिच्यात आरटीएल२८३२यू नावाची चिप असते. २०१२ च्या सुमारास हौशी लिनक्सवाल्यांच्या लक्षात आलं की अँटेनातून आलेल्या लहरींचे कच्चे आकडे ही चिप जसेच्या तसे संगणकाच्या हवाली करू शकते. झालं! साधारण २४ मेगाहर्ट्झपासून पार १७०० मेगाहर्ट्झच्या पुढपर्यंत काहीही पकडणारा रेडिओ काही हजारांत मिळायला लागला. पूर्वी ज्या कामाला डबाभर सुटे भाग लागत ते आता सॉफ्टवेअर करतं. याला आरटीएल-एसडीआर म्हणतात.

सुरुवात केली ती नोआ या अमेरिकी हवामान उपग्रहांपासून. नोआ-१५, १८ आणि १९ हे तिघे साडेआठशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून, ध्रुवांवरून फिरायचे आणि खाली दिसेल ते चित्र १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सतत सोडत राहायचे. कुलूप नाही, पासवर्ड नाही, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. सेकंदाला दोन ओळी या संथ चालीने चित्र उतरायचं. नुसतं कानांनी ऐकलं तर टिक-टॉक, टिक-टॉक असा ठेका. दहा-पंधरा मिनिटांत उपग्रह एका क्षितिजावरून दुसऱ्यावर जायचा आणि तेवढ्यात लॅपटॉपच्या पडद्यावर श्रीलंकेपासून हिमालयापर्यंतचे ढग हजर. नोआ-१५ तर १९९८ सालचा. २०२५ च्या जूनमध्ये १८ बंद केला, ऑगस्टमध्ये आठवडाभराच्या अंतराने १९ आणि १५ ही गेले. तो ठेका आता रेकॉर्डिंगमध्येच. सध्या माझी भिस्त रशियाच्या मेटिऑर-एम मालिकेतल्या दोघांवर आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये सोडलेले, त्याच पट्ट्यात, पण डिजिटल. चित्र जास्त स्वच्छ येतं. ठेका मात्र नाही, नुसता सूं असा आवाज.

अँटेना अगदी साधी. ५३-५४ सेंटिमीटरच्या दोन नळ्या, मध्ये वायरमन वापरतात तो दोन स्क्रूंचा प्लास्टिकचा कनेक्टर, दोन नळ्यांमध्ये १२० अंशांचा कोन, आणि हे सगळं जमिनीला समांतर आडवं, उत्तर-दक्षिण. नळ्या तपकीर गल्लीत मिळाल्या. दुकानदाराने ‘पडद्याला का?’ विचारलं, मी हो म्हटलं.

आता मूळ मुद्दा. पुण्यात गच्चीवर हे सगळं उभं केलं आणि पडद्यावर आली ती मुंग्या-मुंग्यांची पट्टी. मला वाटायचं सिग्नल फार क्षीण आहे, मोठी अँटेना लागेल, ॲम्प्लिफायर लागेल. क्षीण तो आहेच. पण खरा घोटाळा दुसरीकडे होता. एका रविवारी घरचा मेन स्विच पाडला आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवला (फ्रिजसाठी आईकडून पंधरा मिनिटांची लेखी म्हणावी अशी परवानगी काढून). पडद्यावरची गोंगाटाची रेघ डोळ्यांदेखत खाली बसली. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, प्रत्येकाच्या पोटात सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा वीजपुरवठा असतो आणि तो रेडिओ लहरींचा कचरा चौफेर फेकत असतो. वरातीच्या बँडला खेटून उभं राहायचं आणि पलीकडच्या माणसाची कुजबूज ऐकायची, असा तो मामला. तिथे आपले कान मोठे करून काय होणार? बँडही तेवढाच मोठा ऐकू येतो. घर बंद केलं तरी शेजारच्या चार इमारती होत्याच. म्हणून सॅक भरली.

तेव्हापासून माझी भटकंती वेगळ्याच नकाशावर चालते. लोक गडावर सूर्योदय बघायला जातात, मी डोंगराची कुठली सोंड गावाच्या दिव्यांना पाठीशी घालते ते बघतो. भंडारदऱ्याच्या मागचं रतनवाडीकडचं खोरं यात पहिल्या नंबरचं. चारी बाजूंनी कडे असल्याने उपग्रह उशिरा दिसतो आणि लवकर मावळतो, पण मधली आठ मिनिटं सोन्यासारखी. उलट सिंहगड, इतका जवळचा आणि उंच, या कामाला निरुपयोगी. वर प्रक्षेपणाचे मनोरे आहेत, त्यांच्या शेजारी माझं डोंगल बहिरं होतं.

कोकणात आणखी एक खेळ सापडला. मोठ्या जहाजांना आपलं नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सारखी जाहीर करावी लागते, टक्कर होऊ नये म्हणून. १६२ मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला दोन वाहिन्या आहेत. बाणकोटच्या टेकाडावर बसून नुसत्या डोळ्यांना एक होडी दिसत नव्हती, पण पडद्यावर मुंबईकडे निघालेल्या मालवाहू जहाजांची रांग होती. कोण सिंगापूरहून, कोण फुजैराहून. शेजारी गुरं घेऊन आलेले आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “ह्याच्यावर म्याच लागतली काय?” नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

शिकण्याचं सांगतो आणि थांबतो. बारावीनंतर गणिताला रामराम केलेला माणूस मी. डोंगलमधून येणारा प्रत्येक नमुना म्हणजे एक नव्हे, दोन आकडे असतात, आणि ते दोन का, हे कळायला काल्पनिक संख्यांकडे जावं लागतं. शाळेत वजा एकाचं वर्गमूळ ऐकून मी मनात म्हटलं होतं, नसतं तर नसू दे की! आता समजलं की एकाच आकड्यावरून लहर मध्यवारंवारतेच्या वर आहे की खाली हे सांगता येत नाही, जोडी असली की येतं. उपग्रह येताना त्याची वारंवारता तीन-एक किलोहर्ट्झ वर सरकलेली असते, डोक्यावरून गेला की खाली. डॉप्लर परिणाम पुस्तकात वाचला होता, इथे तो पडद्यावर वाकड्या रेघेसारखा दिसतो. डेसिबल, फूरियेचं लहरींचं गणित, लिनक्सवर सॉफ्टवेअर स्वतः बांधणं, सोल्डरिंग, सगळं असंच, अडलं म्हणून शिकलो. कोर्स एकही पुरा केलेला नाही. दोन विकत घेतलेले तसेच पडून आहेत.

कुणी या वाटेला गेलं असेल तर लिहा.

---

सह्यवेडा

वाखु (वाचनखूण) साठवली. रतनवाडीबद्दल +१, तिथे मोबाइललाही रेंज नसते हे आम्ही आजवर रडगाणं म्हणून सांगायचो!

हरिश्चंद्रगडावर कधी प्रयोग केला का? कोकणकड्याच्या टोकावर पश्चिमेला पूर्ण मोकळं आहे. फोटो टाका ना चित्रांचे.

---

शंकासुर

लेख आवडला, पण एक विचारतो, राग मानू नका. इन्सॅटची ताजी चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर दर अर्ध्या तासाला फुकट मिळतात. जहाजं आणि विमानं बघायला मोबाइलवर ॲप आहेत. मग नळ्या घेऊन डोंगर चढायचा तो कशासाठी? शिवाय तुमचं चित्र त्यांच्यापेक्षा धूसरच असणार.

---

तरंगलांबी

@सह्यवेडा, कोकणकड्यावर गेलो होतो. उत्तम जागा, पण शनिवारी रात्री तिथे इतके तंबू आणि इतके ब्लूटूथ स्पीकर असतात की मी मंगळवार निवडला.

@शंकासुर, राग कसला. धूसर असतंच. आणि ढग बघायचे असतील तर मीही संकेतस्थळच उघडतो. पण तिथे मला चित्र दिसतं, ते कसं आलं ते दिसत नाही. इथे चित्रात मध्येच काळी पट्टी आली तर तिचं कारण मला शोधता येतं. उपग्रह डोंगराआड गेला, की केबल सैल झाली, की शेजारच्या तंबूतल्या पॉवरबँकेने घाण केली. आणखी एक, ती ॲपवरची विमानं आणि जहाजं तिथे येतात कुठून? त्यातला मोठा वाटा जगभरच्या हौशी लोकांनी आपल्या गच्चीवर असल्याच काड्या लावून पाठवलेला असतो. विमानांसाठी १०९० मेगाहर्ट्झ, त्याला सात सेंटिमीटरची तार पुरते. ॲप बघणारा आणि ॲपला खायला घालणारा यांच्यात दुसरा व्हायला मला आवडतं.

---

जुना ट्रान्झिस्टर

तुमचं वाचून माझी जुनी खरूज उठली. आम्ही डीएक्सिंग करायचो. म्हणजे लांबची, अनोळखी स्टेशनं शोधून ऐकायची, आणि काय ऐकलं त्याचा अहवाल त्या स्टेशनला पोस्टाने पाठवायचा. अहवालात पाच आकड्यांचा सिन्पो संकेत : सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, गोंगाट, चढउतार आणि एकूण दर्जा. ४५४४४ लिहिलं की समजायचं छान ऐकू आलं. अहवाल पटला तर ते क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोच, पाठवत. रंगीत, परदेशी तिकीट लावलेलं. जळगावसारख्या गावी पोस्टमन ते आधी सगळ्या आळीला दाखवून मग आमच्या घरी आणायचा.

त्या काळी रेडिओ घरात ठेवायला लायसन लागायचं हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. पोस्टात जाऊन पैसे भरायचे, त्या छोट्या पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं.

तुम्ही १३७ मेगाहर्ट्झच्या वर असता म्हणून सरळ रेषेत दिसेल तेवढंच ऐकता. जरा खाली या! मीडियम वेव्हला दिवसा पुणे ७९२ किंवा सांगली १२५१ किलोहर्ट्झ जेमतेम शेजारच्या जिल्ह्यांत येतं. सूर्य मावळला की वातावरणाचा तो खालचा, लहरी पिऊन टाकणारा थर विरतो आणि वरच्या थरावरून आपटून याच लहरी शेकडो कोस जातात. रात्री दहानंतर आमच्या ट्रान्झिस्टरवर काय काय यायचं! लघुलहरींवर (शॉर्टवेव्हवर) आता मात्र अवकळा आहे. बीबीसी हिंदीने २०२० च्या जानेवारीअखेर लघुलहरींवरून निरोप घेतला, तेव्हापासून मी सेट कपाटात ठेवून दिला.

गोंगाटाचं म्हणाल तर त्या वेळी आमचा वैरी एकच होता : शेजारची पिठाची गिरणी. तिची वेळ ठरलेली, त्यामुळे आमचीही.

---

तरंगलांबी

काका, काय प्रतिसाद आहे! याचा वेगळा धागा काढाच. आणि तो सेट कपाटातून बाहेर काढा. त्यातल्या फेराइट दांडीच्या अँटेनाची सर माझ्या डोंगलला मीडियम वेव्हवर येत नाही. सेट आडवा फिरवला की एका दिशेने गोंगाट गायब होतो, हे तर तुम्हीच मला शिकवाल.

---

मृण्मयी_नाशिक

माझी मुलगी आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिला ‘नेहमीचा ज्वालामुखी नको’ आहे. हे तिला झेपेल का? खर्च किती? आणि ५३ सेंटिमीटरच का, असं तिने आत्ताच विचारलं. मला सांगता आलं नाही.

---

तरंगलांबी

ताई, झेपेल, आणि प्रश्न अगदी योग्य जागी विचारलाय तिने. तिला असं सांगा : ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ३०० भागिले १३७.५ म्हणजे २.१८ मीटर. तिचा चौथा हिस्सा साडेचोपन्न सेंटिमीटर. प्रत्यक्ष धातूच्या नळीत लांबी किंचित कमी धरावी लागते, म्हणून ५३-५४. आता तिलाच विमानांच्या १०९० साठी काढायला सांगा. सात सेंटिमीटरच्या आत-बाहेर आलं पाहिजे.

प्रदर्शनासाठी उपग्रहापेक्षा विमानं सोयीची. उपग्रह परीक्षकांच्या वेळेला येईलच असं नाही, विमानं नाशिकवरून जातच असतात. डोंगल सोडलं तर बाकी खर्च नगण्य, सॉफ्टवेअर सगळं फुकट. केबल टीव्हीची घरात उरलेली चालेल. ती ७५ ओहमची असते, पुस्तकं ५० सांगतात, नुसतं ऐकण्यासाठी काही बिघडत नाही.

आणि अंतराळातलंच हवं असेल तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं सोडतात. एक चित्र उतरायला दोन मिनिटं लागतात आणि मोबाइल स्पीकरजवळ धरला तरी रोबोट३६ नावाचं ॲप ते उलगडतं. त्याच्या तारखा आधी जाहीर होतात.

---

व्हीयू३_वाला

छान चाललंय, पण कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. मी परवानाधारक हौशी रेडिओ चालक आहे.

आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय. हवामान उपग्रह हे सर्वांसाठीचं प्रसारण आहे. पण पोलीस, सैन्य किंवा कुणाचं खासगी संभाषण ऐकणं, साठवणं, पुढे पाठवणं याच्या वाटेला जाऊ नका. बंदर, नौदलाची जागा, विमानतळ यांच्या कुंपणाजवळ नळ्या उभारू नका. कोकण किनाऱ्यावर तर गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. आणि परदेशातून येणाऱ्या मित्रांनी उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी ट्रेकिंगची यंत्रं सरळ सॅकमध्ये टाकून आणू नयेत. परवानगीशिवाय ती इथे चालत नाहीत, आणि गोव्याच्या विमानतळावर त्यापायी पर्यटक अडकल्याच्या बातम्या येतच असतात.

सगळ्यात बरं म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा द्या. वय बारा पूर्ण पाहिजे, म्हणजे मृण्मयीताईंची लेक बसू शकेल. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता-पाठवता आलं पाहिजे. बाकी थोडी रेडिओची तत्त्वं आणि थोडे नियम. ऐकण्यात मजा आहे हे कबूल, पण आपण हाक मारली आणि चारशे किलोमीटरवरून उत्तर आलं की काय होतं ते लिहून सांगता येत नाही.

कुणी म्हणेल मोबाइलच्या जमान्यात हे कशाला. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओवाल्यांचा एक गट योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होता. भारती प्रसाद त्याच्या प्रमुख. तिथली दळणवळणाची साधनं कोलमडली तेव्हा अंदमानचे निरोप याच मंडळींच्या सेटवरून मुख्य भूमीवर पोहोचत होते.

जाता जाता पुणेकरांसाठी : सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला होता. त्याची वारंवारता हौशी रेडिओच्याच पट्ट्यातली, ४३४ मेगाहर्ट्झच्या जवळ.

---

शंकासुर

कायद्याचा प्रतिसाद वाचून माझा मूळ प्रश्न मागे घेतो, नवीन प्रश्न विचारतो : बायकोला काय सांगायचं?

---

ड्रेंथेकर

@शंकासुर, सांगायचं की फुकट आहे. खरंच आहे. इथे नेदरलँड्समध्ये ट्वेंटे विद्यापीठाने आपला रेडिओ इंटरनेटवर खुला ठेवलाय. शून्यापासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत, कुणीही, कुठूनही ब्राउझरमध्ये सुई फिरवायची. एकाच वेळी शेकडो लोक आपापलं वेगळं स्टेशन ऐकत असतात. ट्रान्झिस्टरकाका, तुम्ही तर रात्रभर उठणार नाही.

गोंगाटाच्या मुद्द्यावर माझंही थोडं. मी राहतो त्या ड्रेंथे प्रांतात ड्विंगेलो नावाचं गाव आहे. तिथे १९५६ ची २५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. बांधली तेव्हा जगातली सगळ्यात मोठी होती. पुढे निवृत्त झाली, गंजत पडली आणि मग हौशी लोकांनी संस्था काढून ती परत चालती केली. आता स्वयंसेवक चालवतात. २०२४ मध्ये त्यांनी व्हॉयेजर-१ या अंतराळयानाचा सिग्नल तिच्यावर पकडला! जवळजवळ अडीच हजार कोटी किलोमीटरवरून. मी गेलो तेव्हा आजोबा वयाचे दोन जण आत बसून अँटेनाच्या मोटरवर वाद घालत होते. अगदी आपल्या गणेश मंडळाच्या बैठकीसारखे.

जवळच वेस्टरबोर्कला चौदा तबकड्यांची रांग आहे. त्या रानात चालायला सुंदर वाट आहे, पण पाटी लावलेली : मोबाइल बंद करा. पहिल्यांदा चीड आली, मग बरं वाटलं.

तरंगलांबी, तुम्ही खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला गेला नाहीत का? पुण्यात राहून?

---

तरंगलांबी

गेलोय की! ते वेगळं लिहिणार होतो, पण विषय निघालाच आहे तर इथेच.

पुण्याहून नाशिक रस्त्याने उत्तरेला निघायचं. नारायणगावजवळ आर्वी आहे. भारताचं पहिलं व्यापारी उपग्रह भू-केंद्र तिथे १९७१ मध्ये सुरू झालं, विक्रम साराभाईंच्या नावाचं. मग नारायणगाव, आपली तमाशापंढरी. तिथून उजवीकडे वळून द्राक्षं, टोमॅटो, ऊस यांच्या मधून खोडद. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटर. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास जीएमआरटी, म्हणजे तिथलं महाकाय रेडिओ दुर्बिणीचं केंद्र, लोकांसाठी खुलं असतं आणि शाळांच्या मुलांची जत्रा भरते. मुलांनी केलेल्या प्रयोगांचे मंडप, वडापाव, आणि मागे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या.

अशा तीस आहेत. चौदा मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या, थेट शेतांमधून. दोन टोकांच्या तबकड्यांमध्ये २५ किलोमीटरचं अंतर. तिसांचे सिग्नल एकत्र केले की बारकावे टिपण्यापुरती ती २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण होते. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना, आणि ती पैशात बसवण्याची त्यांची युक्तीही तशीच. तबकडी भरीव पत्र्याची नाहीच. पोलादी दोऱ्या ताणून त्यांच्यावर बारीक तारेची जाळी बांधली आहे. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी लहर २१ सेंटिमीटरची. लहरीला जाळी म्हणजे भिंतच, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका, मोटर छोटी, खर्च कमी. मृण्मयीताई, तुमच्या लेकीचं ते ३०० भागिले मेगाहर्ट्झ इथे पुन्हा कामाला येतं. हायड्रोजनच्या लहरीचे १४२० टाकून बघा म्हणावं.

याच दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या स्कियापरेली यानाचा सिग्नल टिपला होता. यान उतरताना कोसळलं, पण शेवटच्या टप्प्यापर्यंतची कुजबूज जुन्नर तालुक्यात ऐकली गेली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका निरीक्षणात ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा सिग्नल सापडला, मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखा मोठा करून दिलेला.

खोडदहून परतताना डोक्यात किडा शिरला आणि पुढच्या सुटीत उटी गाठलं. लोक बोटॅनिकल गार्डन बघतात, मी मुथोराईची दुर्बीण बघितली. तीही स्वरूप यांचीच, १९७० ची. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. डोंगराचा जो उतार शोधून काढला तो ११ अंशांचा, म्हणजे त्या जागेच्या अक्षांशाइतका. त्यामुळे दुर्बिणीचा लांबट अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षावर फिरवून दिवसाचे तासन् तास तोच तारा धरून ठेवता येतो. डोंगरालाच यंत्राचा भाग करून टाकलं या माणसाने! त्या उताराकडे बघत मी बराच वेळ उभा होतो आणि आमचे कुटुंबीय गाडीत चॉकलेटं खात होते.

---

जुन्नरी बाणा

मी खोडदच्या जवळचाच. आमच्या शेताच्या बांधावरून एक तबकडी दिसते. पाहुणे आले की फोटो काढतात, आम्हाला अभिमान आहेच. पण दुसरी बाजूही लिहितो, कारण शहरातून येणाऱ्यांना शांतता फुकट मिळते.

इथे शांतता राखायची म्हणजे आजूबाजूला कारखाने येऊ द्यायचे नाहीत, टॉवर उभारायचा तर दुर्बीणवाल्यांची संमती. आणि आता रेल्वे. पुणे-नाशिक रेल्वेची वाट आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. आधीचा मार्ग आमच्या बाजूने होता, तो जीएमआरटीला अडथळा होईल म्हणून बदलायचं ठरलं. आमच्या पोरांनी पुण्याला जायचं ते त्या चाकणच्या ट्रॅफिकमधूनच. ८८० कोटी वर्षांचा सिग्नल ऐका जरूर, पण टोमॅटो दोन दिवसांत सडतो.

---

तरंगलांबी

बाणा, तुमचं म्हणणं खोटं नाही. विजेच्या रेल्वेची वरची तार आणि तिला घासणारा दांडा यांच्यात ठिणग्या उडतात, त्यांचा गोंगाट सगळ्या पट्ट्यांवर पसरतो, म्हणून दुर्बीणवाल्यांचा विरोध तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. दुर्बिणीची जागा निवडताना गोंगाट कमी, डोंगरांचा आडोसा, आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला म्हणजे वरचा आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित थर) बऱ्यापैकी शांत, अशी सगळी गणितं जुळवली होती. ती दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येणार नाही. पण माझं मत विचाराल तर, शांततेची किंमत एका तालुक्याने भरायची आणि बदल्यात त्याला विज्ञान दिनाची जत्रा, हे पुरेसं नाही. तिथल्या रस्त्यांवर, शीतगृहांवर सरकारने हात सैल सोडायला हवा होता.

---

जुन्नरी बाणा

शीतगृहाचं बोललात, मिळालं सगळं. पुढच्या वेळी आलात तर घरी या. आमच्याकडे रात्री भारनियमन असतं तेव्हा तुमचा गोंगाट आपोआप बंद होतो.

---

व्हीयू३_वाला

😀 आणि बाकीच्यांनी लक्षात घ्या, खोडदच्या आवारात डोंगल, वॉकीटॉकी काही नेऊ नका. तिथे मोबाइलही बंद ठेवायला सांगतात.

---

मृण्मयी_नाशिक

लेकीने काढलं : २१ सेंटिमीटर. विमानांचं ६.९ आलं. डोंगल मागवलंय. एक अडचण आहे. मामाकडचं जुनं डोंगल लावून बघितलं तर पडद्यावर सगळीकडे गाणीच ऐकू येतात, १३७ वर सुद्धा. बिघडलंय का?

---

तरंगलांबी

बिघडलेलं नाही ताई. जवळ एफएमचा मनोरा असणार. ८८ ते १०८ मधली स्टेशनं इतकी जोरात येतात की डोंगल गुदमरतं आणि तीच गाणी भलत्या ठिकाणी उमटतात. दोन उपाय करा. सॉफ्टवेअरमध्ये गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) ‘ऑटो’वर असेल तो हाताने हळूहळू कमी करत आणा, गाणी विरतील तिथे थांबा. तरी नाही गेली तर एफएम गाळणारा छोटा फिल्टर मिळतो, तो अँटेना आणि डोंगलच्या मध्ये बसवायचा. आणि डोंगल लॅपटॉपला थेट खुपसू नका, मीटरभर यूएसबी केबल मध्ये असू द्या, लॅपटॉप स्वतःच मोठा गोंगाट्या असतो. १०९० ला यातला बराचसा त्रास होणार नाही, त्यामुळे प्रदर्शनाची काळजी नको.